उन्हात हरवणारी अक्षरे

विशेष प्रतिनिधी, शिरगाव (जि. पालघर)

पालघर स्थानकातून सातपाटीच्या रस्त्याला लागले की वाटेत शिरगाव येते. गावाच्या पश्चिमेला, किनाऱ्यालगत, पोर्तुगीज काळातील एक लहानसा किल्ला उभा आहे. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत, १७३९ मध्ये, तो मराठ्यांच्या ताब्यात आला. मे महिन्यातील एखाद्या दुपारी या किल्ल्याच्या दरवाजातील सावलीत उभे राहून खिशातील मोबाइल काढावा. पडद्यावरील अक्षरन् अक्षर स्वच्छ वाचता येते. तोच मोबाइल हातात धरून वाळूत, मोकळ्या उन्हात यावे. अक्षरे जणू पुसली जातात. उरतो तो काचेतील स्वतःचा चेहरा, डोक्यावरचे आकाश आणि बोटांचे तेलकट ठसे. मग आपण नकळत एका हाताचा आडोसा करतो, डोळे बारीक करतो, फोन कधी इकडे, कधी तिकडे कलंडून पाहतो आणि शेवटी सावलीच्या शोधात निघतो.

शहरात राहणाऱ्या वाचकाला ही गैरसोय क्षुल्लक वाटेल. बसथांब्यावर आलेला निरोप दोन मिनिटांनी, गाडीत बसल्यावर वाचला तरी चालतो. परंतु ज्यांचे कामच उघड्यावर आहे आणि त्या कामाची नोंद आता मोबाइलवरच करावी लागते, त्यांच्यासाठी उन्हात न दिसणारा पडदा ही गैरसोय राहत नाही. ती नुकसानीची गोष्ट होते. पडदा उन्हात का दिसत नाही, पूर्वीच्या फोनचा कसा दिसत असे आणि त्यावर आज काय करता येईल, याचा हा मागोवा.

सातबारा मोबाइलवर आला तेव्हा

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. तोवर कोणत्या शेतात कोणते पीक उभे आहे, याची नोंद तलाठी कागदावर करीत असे. सातबाऱ्यातील गाव नमुना सातमध्ये जमिनीच्या मालकीची, तर गाव नमुना बारामध्ये पिकाची नोंद असते. ही दुसरी नोंद आता शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून करावयाची आहे. ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदविणार माझा पीक पेरा’ ही या प्रकल्पाची घोषणा. शेतात उभे राहायचे, अ‍ॅप उघडायचे, गट क्रमांक निवडायचा, पीक निवडायचे, क्षेत्र भरायचे आणि पिकाचे छायाचित्र काढायचे. छायाचित्राबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. त्यामुळे हे काम घरी बसून, पंख्याखाली करण्याची सोय नाही, आणि नोंद खरी व्हावी यासाठी ते योग्यही आहे.

पीक विमा, पीक कर्ज, हमीभावाने होणारी खरेदी, अतिवृष्टी वा दुष्काळानंतरची भरपाई या सगळ्यांचा आधार हीच नोंद असते. २०२२ मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीत केलेली नोंद ४८ तासांत एकदा दुरुस्त करण्याची सोय देण्यात आली. अर्थात, चूक झाली आहे हे आधी दिसले तरच ती दुरुस्त करता येते. जो पडदा नोंद करताना नीट वाचता आला नाही, त्यावरची चूक त्याच उन्हात कशी सापडावी?

खरिपाची पाहणी ऑगस्ट-सप्टेंबरात होते. या काळात ढग असतात, म्हणून ऊन नसेल, असे कोणी म्हणेल. पालघर साधारण १९.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरच्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. ऑगस्टच्या मध्यालाही तो माथ्यापासून जेमतेम पाच-सहा अंश ढळलेला असतो. ढगांची फट पडली की येणारे ऊन उन्हाळ्याइतकेच प्रखर असते आणि भोवतीचे पांढरे ढग काचेत निळ्या आकाशापेक्षा अधिक उजळ उमटतात. भातखाचरात गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाला तेव्हा सावली कोठून मिळणार?

शेतकरी एकटा नाही. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी छायाचित्रांसह मोबाइल अ‍ॅपवर घेणे बंधनकारक झाले. २०२७ ची जनगणना मोबाइल अ‍ॅपवर घेण्याचे केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. बोईसरच्या रस्त्यांवर दुचाकीच्या हॅण्डलला मोबाइल अडकवून घरपोच माल देणारे तरुण दिवसभर त्याच पडद्यावर पत्ते शोधतात. कागदी वही जाऊन मोबाइल आला, तेव्हा कागदाचा एक गुण मात्र मागेच राहून गेला. तो म्हणजे उन्हात वाचता येण्याचा.

कागदाचा मित्र, काचेचा शत्रू

कागद स्वतः प्रकाश देत नाही. त्याच्यावर पडलेला प्रकाश तो परत पाठवतो. वर्तमानपत्राचा कागद ढोबळमानाने ६० टक्के प्रकाश परतवतो आणि छपाईची शाई सुमारे १० टक्के. म्हणजे कोरा भाग अक्षरापेक्षा सुमारे सहापट उजळ दिसतो. दिव्याखाली वाचा किंवा उन्हात, हे प्रमाण बदलत नाही. ऊन वाढले तर दोन्ही त्याच प्रमाणात उजळतात. म्हणूनच शिरगावच्या वाळूत बसून वर्तमानपत्र वाचताना डोळे दिपतील, पण अक्षर हरवणार नाही.

मोबाइलचा पडदा याच्या उलट आहे. तो स्वतःचा प्रकाश डोळ्यांकडे पाठवतो आणि बाहेरचा प्रकाश त्याच्या कामात अडथळा आणतो. येथे दोन एकके समजून घ्यावी लागतील. एखाद्या पृष्ठावर किती प्रकाश पडतो, ते ‘लक्स’मध्ये मोजतात, पृष्ठावरून डोळ्यांकडे किती प्रकाश येतो, ते ‘निट’मध्ये. कार्यालयातील टेबलावर साधारण ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो. भर दुपारच्या उन्हात तो एक लाख लक्सच्या घरात जातो, म्हणजे किमान दोनशे पट. आपला डोळा या दोन्ही परिस्थितींशी जुळवून घेतो, म्हणून हा फरक आपल्याला एवढा मोठा वाटत नाही. पडद्याला मात्र असे जुळवून घेता येत नाही. कार्यालयात डोळ्यांना पुरून उरणारा ५०० निटचा पडदा उन्हात तसाच राहतो आणि उन्हाला सरावलेल्या डोळ्याला तो मळकट, विझलेला भासतो.

परंतु खरा घात होतो तो परावर्तनामुळे. साध्या काचेच्या पृष्ठभागावरून समोरून आलेल्या प्रकाशाचा सुमारे चार टक्के भाग परत फिरतो. घरात हे चार टक्के लक्षातही येत नाहीत. उन्हात मात्र ज्याचे चार टक्के घ्यायचे, तो आकडाच अवाढव्य असतो.

पांढरा सदरा, काळा सदरा

एक सोपे गणित करून पाहू. उन्हात उभ्या असलेल्या माणसाने पांढरा सदरा घातला आहे. एक लाख लक्स उन्हात पांढरे कापड सुमारे २५ हजार निट इतके उजळते. हातातील फोनच्या काचेत नेमका तोच सदरा उमटतो. काच आणि तिच्याखालील थर मिळून साडेचार टक्के प्रकाश परतवतात असे धरले, तर डोळ्यांकडे सुमारे ११०० निटचे प्रतिबिंब येते. पडद्याचा स्वतःचा प्रकाश ५०० निट आहे. आता पडद्यावरील पांढरी जागा दिसेल १६०० निटची (५०० अधिक ११००), आणि काळे अक्षर, ज्यातून स्वतःचा प्रकाश येत नाही, तेही दिसेल ११०० निटचे. म्हणजे पांढरी जागा काळ्या अक्षराच्या जेमतेम दीडपट उजळ. कागदावर हेच प्रमाण सहापट होते.

त्याच माणसाने काळा सदरा घातला असता तर? काळे कापड पाच टक्क्यांच्या आसपास प्रकाश परतवते. त्याचे काचेतील प्रतिबिंब ७० निटच्या आसपास राहते आणि उजळपणाचे प्रमाण आठपटीवर जाते. फोन तोच, ऊन तेच, बदलला तो फक्त सदरा. प्रत्यक्षात काचेवरची धूळ, बोटांचे ठसे आणि ओरखडे ऊन विखुरतात. त्यामुळे हा लाभ काहीसा घटतो, पण नाहीसा होत नाही.

या गणिताचा मथितार्थ एवढाच, की उन्हात पडदा वाचता येतो की नाही हे केवळ पडद्याच्या तेजावर ठरत नाही. काचेत काय उमटते, यावरही ते तितकेच अवलंबून असते. फोन आडवा धरला तर काचेत आकाश उमटते. डोक्यावरचा सूर्यच त्यात सापडला, तर वाचणे तर सोडाच, पाहणेही अशक्य होते.

नोकियाच्या काळात असे नव्हते

‘पूर्वीचे फोन उन्हातही दिसायचे’ असे वडीलधारी मंडळी म्हणतात. ही केवळ गतकाळाची ओढ नाही, ते खरे आहे. २००३ मध्ये आलेला नोकिया ११०० आठवावा. टॉर्च असलेला, धुळीला न जुमानणारा हा फोन जगभरात २५ कोटींहून अधिक विकला गेला. त्याचा पडदा रंगीत नव्हता आणि हेच त्याच्या उन्हातील यशाचे रहस्य होते.

एलसीडी पडद्यातील द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. ते केवळ झडपेचे काम करतात. कोठे प्रकाश जाऊ द्यायचा आणि कोठे अडवायचा, एवढेच ते ठरवतात. जुन्या पडद्यांत या झडपांच्या मागे प्रकाश परतवणारा थर असे. बाहेरचे ऊन आत शिरे, त्या थरावरून परत फिरे आणि अंकाक्षरे कागदावरच्यासारखी काळी उठून दिसत. ऊन जितके कडक, तितका पडदा अधिक स्पष्ट. हातातील डिजिटल घड्याळ, गणकयंत्र आणि घराबाहेर लावलेला विजेचा मीटर आजही याच तत्त्वावर चालतात. त्यामुळेच मीटरवरचा आकडा भर दुपारीही वाचता येतो.

रंग आले आणि हे गणित बिघडले. रंगीत एलसीडीत प्रत्येक बिंदूचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन भाग असतात आणि प्रत्येक भागावर त्या-त्या रंगाची गाळणी बसवलेली असते. अशी गाळणी दोन-तृतीयांश प्रकाश अडवते, ध्रुवक थर निम्मा प्रकाश खातो. परिणामी मागच्या दिव्याचा दहावा हिस्साही बाहेर पडत नाही. बाहेरून आलेल्या उन्हाला तर गाळणीतून जाऊन परत यायचे, म्हणजे दोनदा गाळले जायचे. तेव्हा उन्हाच्या भरवशावर रंगीत पडदा चालवणे अवघड झाले. बाजाराला रंग, छायाचित्रे आणि चित्रफिती हव्या होत्या. परतवणारा थर मागे पडला आणि मागचा दिवा अधिकाधिक प्रखर करण्याचा मार्ग पत्करला गेला.

खैरातच्या शाळेतील पडदा

या वाटेने न जाणारे दोन प्रयोग झाले आणि दोन्हींचा भारताशी जवळचा संबंध आला.

पहिला मोटोरोलाचा. नोव्हेंबर २००६ मध्ये या कंपनीने ‘मोटोफोन एफ-३’ हा स्वस्त फोन प्रथम भारतात आणला. त्याचा पडदा ‘इलेक्ट्रॉनिक शाई’चा होता. या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत काळे व पांढरे विद्युतभारित कण असतात. विजेच्या इशाऱ्याने कधी काळे कण वर येतात, कधी पांढरे. एकदा अक्षर उमटले की ते टिकवायला वीज लागत नाही आणि उन्हात ते छापल्यासारखे दिसते. हेच तंत्र ई-पुस्तके वाचण्याच्या यंत्रांतही वापरले जाते. परंतु मोटोफोनच्या पडद्यावर ठरावीक आकाराच्या रेषाखंडांतून, एका ओळीत सहा याप्रमाणे दोनच ओळी अक्षरे उमटत. फोन क्रमांकासाठी ते पुरेसे होते. लघुसंदेश वाचायला मात्र जाच होई. देवनागरीची तर सोयच नव्हती. फोन उन्हात उत्तम दिसे, पण त्यावर वाचण्यासारखे फारसे काही दाखवता येत नसे. तो बाजारात टिकला नाही.

दुसरा प्रयोग रायगड जिल्ह्यातला. कर्जत तालुक्यातील खैरात धनगरवाडा येथील एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये मुलांच्या हाती हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप आले. ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा भारतातील हा पहिला प्रयोग होता. त्या लॅपटॉपचा पडदा मेरी लू जेप्सेन यांच्या पुढाकाराने तयार झाला होता. खोलीत मागचा दिवा लावला की तो रंगीत दिसे. उन्हात नेऊन दिवा बंद केला की तोच पडदा कृष्णधवल होई आणि बाहेरच्या उन्हावरच वाचता येई. दिवा बंद असल्याने वीजही वाचे. जेथे मुले अंगणात किंवा झाडाखाली बसून शिकतात, तेथे पडद्याने उन्हाशी भांडून चालणार नाही, हे आखणी करतानाच गृहीत धरले होते. वापरणारा कोण आणि तो कोठे बसणार, हा प्रश्न येथे सर्वांत आधी विचारला गेला होता.

जेप्सेन यांनी २००८ मध्ये हेच तंत्र पुढे नेण्यासाठी ‘पिक्सेल क्यूआय’ ही कंपनी काढली. ‘नोशन इंक’ या भारतीय कंपनीचा २०११ मध्ये आलेला ‘अ‍ॅडम’ हा टॅब्लेट या पडद्यासह मिळत असे. परंतु दुकानातील दिव्यांच्या झगमगाटात हे पडदे फिके दिसत, आणि ग्राहक फोन निवडतो तो दुकानात, शेतात नव्हे. तंत्र होते, त्याला बाजार मिळाला नाही.

प्रकाशाशी प्रकाशाने झुंज

आजच्या महागड्या फोनांनी उन्हावर मात केली आहे, ती अधिक प्रखर होऊन. २०२२ च्या आयफोन १४ प्रोचा पडदा उघड्यावर २००० निटपर्यंत उजळतो. २०२४ च्या गॅलक्सी एस २४ अल्ट्रामध्ये ही मर्यादा २६०० निट आहे. त्याची काच परावर्तन ७५ टक्क्यांपर्यंत कमी करते, असा कंपनीचा दावा आहे. वर पाहिलेल्या गणितात ही दुसरी सुधारणा पहिलीइतकीच, किंबहुना अधिक मोलाची आहे. प्रतिबिंब चौथ्या हिश्शावर आले, तर पडद्याचे तेज न वाढवताही अक्षर उठून दिसते. ओएलईडी पडद्यांत एक विशेष ध्रुवक थरही असतो. पडद्यातील धातूच्या थरांवरून परतणारे ऊन तो आतल्या आत अडवतो.

जाहिरातीत दिसणारे तीन-चार हजार निटचे आकडे मात्र जपून वाचावेत. बहुधा ते पडद्याच्या एखाद्या छोट्या भागाचे, क्षणभराचे तेज असते. पूर्ण पांढऱ्या पानाचे नव्हे. शिवाय या झुंजीची किंमत चुकवावी लागते. पडदा पूर्ण तेजावर ठेवला की बॅटरी झपाट्याने उतरते आणि फोन तापतो. वरून ऊन त्याला आणखी तापवते. अ‍ॅपलने आयफोन वापरण्यासाठी भोवतालचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असावे असे सांगितले आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. फोन फार तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी पडद्याचे तेज आपोआप उतरवतो. म्हणजे ऐन गरजेच्या वेळीच पडदा मंद होतो. स्वस्त फोनांत तर मुळातच तेज कमी असते. ज्याला दिवसभर उन्हात काम करावे लागते, त्याच्या हाती बहुधा असाच फोन असतो, हा या गोष्टीतील विरोधाभास आहे.

एका टिंबाचा फरक

मराठी वाचकाच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, तो लिपीचा. देवनागरी अक्षराचा अर्थ पुष्कळदा त्याच्या सर्वांत लहान अवयवावर अवलंबून असतो. अनुस्वार, रफार, उकार ही सारी चिन्हे शिरोरेषेच्या वर किंवा अक्षराच्या खाली, बारीक रेषांत असतात. उजळपणाचे प्रमाण घसरले की आधी हीच चिन्हे नाहीशी होतात. शिरोरेषेने बांधलेले शब्द एका राखाडी पट्टीसारखे दिसू लागतात. मराठी आकड्यांत एक आणि नऊ, इंग्रजी आकड्यांत तीन आणि आठ यांची गल्लत होते. गट क्रमांक चुकण्यास तेवढे पुरते. क्षेत्र भरताना ०.४० हेक्टर आणि ०.०४ हेक्टर यांत दहापटीचा फरक आहे. त्यातले दशांश चिन्ह म्हणजे पडद्यावरचा एक बारीकसा ठिपका. चाळिशी उलटलेल्या, जवळचे अंधुक दिसणाऱ्या किंवा मोतीबिंदूमुळे ज्यांचे डोळे उन्हात अधिकच दिपतात अशा माणसाने तो कसा टिपायचा?

येथे जबाबदारी येते ती अ‍ॅप तयार करणाऱ्यांवर. संकेतस्थळांच्या सुलभतेसाठी जगभर मान्य असलेल्या निकषांनुसार सामान्य आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान साडेचारास एक असावे लागते. परंतु हे प्रमाण रंगांवरून काढलेले असते, उन्हात मोजलेले नसते. समजा, पडदा ५०० निटचा आहे आणि काचेत २५० निटचे आकाश उमटले आहे. पांढऱ्यावर काळे अक्षर असेल तर प्रमाण तीनपट राहते. त्याऐवजी निकषात जेमतेम बसणारे राखाडी अक्षर वापरले, तर ते दोनपटीवर येते. कार्यालयातील नळीच्या दिव्याखाली जो फिका, नाजूक रंग सुबक दिसतो, तो शेतात दिसतच नाही.

म्हणून उघड्यावर वापरायच्या अ‍ॅपमध्ये पांढऱ्या पार्श्वभूमीवर निव्वळ काळी, जाड व मोठी अक्षरे हवीत. नोंद पाठवण्यापूर्वी गट क्रमांक, पीक आणि क्षेत्र एवढ्याच तीन गोष्टी पूर्ण पडदाभर दाखवाव्यात, आणि शक्य तर मराठीत बोलून सांगाव्यात. बाजारातील भाजीवाल्याने हा धडा केव्हाच गिरवला आहे. पैसे जमा झाल्याचे त्याच्या गाडीवरील बोलका डबा मोठ्याने सांगतो. पडद्याकडे पाहावेच लागत नाही. जेथे डोळा हतबल होतो, तेथे कानाने काम करावे, हे शहाणपण सरकारी अ‍ॅपनाही परवडणारे आहे. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे अ‍ॅप लोकांच्या हाती देण्यापूर्वी दुपारी बारा वाजता, साध्या फोनवर, उघड्या शेतात उभे राहून ते एकदा वापरून पाहणे.

तोवर आपण काय करावे?

फोन न बदलताही काही गोष्टी प्रत्येकाला करता येतील.

• सूर्याकडे पाठ करून उभे राहावे आणि फोन आडवा न धरता छातीसमोर उभा धरावा. मग काचेत आकाशाऐवजी आपलाच, सावलीतला सदरा उमटतो. तो गडद रंगाचा असेल तर उत्तम.

• काळी छत्री दुहेरी काम करते. ती ऊन अडवते आणि काचेत उजळ आकाशाऐवजी स्वतःचा काळा रंग उमटवते. भातशेतीत पाठीवर घेतले जाणारे इरलेही पुढे झुकवले की तोच आडोसा देते.

• पडद्याचे तेज ‘आपोआप’वर ठेवावे. पुष्कळ फोनांत उन्हासाठी राखून ठेवलेले सर्वाधिक तेज याच स्थितीत मिळते. हाताने कळ सरकवून ते मिळत नाही. उजेड ओळखणारा संवेदक बहुधा पडद्याच्या वरच्या कडेला असतो. तो बोटाने किंवा कव्हरच्या झडपेने झाकला जाऊ देऊ नये.

• काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे दाखवणारी सोय रात्रीसाठी ठीक. उन्हात ती बंद करावी. काळा पडदा आरशासारखा वागतो.

• काच पुसावी. जुनी, ओरखडलेली किंवा मध्ये हवेचे फुगे राहिलेली संरक्षक काच बदलावी. काच आणि पडदा यांत हवेचा थर राहिला की परावर्तन करणारे आणखी दोन पृष्ठभाग वाढतात.

• ध्रुवक भिंगांचा गॉगल घातला असेल आणि पडदा एकाएकी काळा दिसला, तर फोन बिघडलेला नाही. तो थोडा फिरवून पाहावा.

• फोन उन्हात तापू देऊ नये. काम होताच खिशात किंवा पिशवीत, सावलीत ठेवावा.

• दुचाकी चालवताना पडदा दिसत नाही म्हणून निरखून पाहू नये. ताशी ४० किलोमीटर वेगाने तीन सेकंदांत गाडी तेहतीस मीटर पुढे गेलेली असते. बाजूला थांबावे, वाचावे आणि मग निघावे.

आणि शेतात नोंद करणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची सूचना. छायाचित्र शेतातच घ्यावे, पण अखेरचे बटण दाबण्यापूर्वी बांधावरच्या झाडाखाली, छत्रीखाली किंवा अगदी अंगावरच्या उपरण्याच्या आडोशाला जाऊन गट क्रमांक, पीक आणि क्षेत्र पुन्हा एकदा वाचावे. घरी परतल्यावर सावलीत नोंद आणखी एकदा पाहावी आणि चूक आढळल्यास मुदतीत दुरुस्त करावी.

शिरगावच्या किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत घातलेले असतात. मासे वाळवायला जे ऊन हवे असते, भाताला दाणा भरायला जे ऊन लागते, त्याच उन्हात आता हिशेब, हजेरी आणि सातबारा यांच्या नोंदीही व्हायच्या आहेत. ऊन तर कमी होणार नाही. तेव्हा उघड्यावर काम करणाऱ्या माणसाला दिसेल असा पडदा आणि वाचता येईल असे अ‍ॅप देणे, ही आता चैनीची बाब उरलेली नाही. नोंद ज्याने करायची, त्याला ती वाचता यायला हवी, एवढीच ही मागणी आहे.